उजवीकडं ओढणारी गाडी

गाडीनं नाक उजवीकडं फिरवलं तेव्हा भाग्यश्रीनं आधी सुभेदारांच्या हातांकडं बघितलं. हात सरळ होते. स्टिअरिंग सरळ होतं. ब्रेक जोरात लागला होता आणि तरीही गाडी बाभळींच्या रांगेकडं निघाली होती. सुभेदारांनी ब्रेक सोडला, गाडी सावरली, मग थोडं थोडं दाबत त्यांनी ती उभी केली. उजवं चाक गटाराच्या अगदी काठावर होतं.

कवठे महांकाळच्या अलीकडं बंद पडलेल्या एका सूतगिरणीच्या आवारातला तो लांबलचक सिमेंटचा रस्ता. राखणदार ओळखीचा होता. सुट्टीच्या दिवशी गाडी पिकअपवर घालून इथं आणायची आणि पळवून बघायची, असं महिनाभर चाललं होतं.

“पाय जरा जोरात पडला माजा,” सुभेदार म्हणाले. “चूक माजीच हाय.”

“काका, तुमची चूक नाही. पायाखाली टक् झालं. तुम्हाला नाही कळलं?”

“इंजिनाच्या आवाजात काय कळतंय?”

“आवाज नव्हता तो. पत्र्यातनं तळपायाला लागलं.”

सुभेदार उदयसिंह बर्गे यांनी सगळी नोकरी लष्कराच्या वाहन-दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये काढली होती. बर्फात, वाळूत, दहा टनी ट्रक उघडून त्यांनी परत उभे केले होते. मूळ गाव साताऱ्याकडचं, कोरेगाव तालुक्यातलं. पण बायको विश्रामबागेतल्या एका कॉलेजात शिकवायची म्हणून निवृत्तीनंतर ते सांगलीतच राहिले. आयुष्यभर दुसऱ्याच्या अवजड गाड्या दुरुस्त केल्या, आता एक हलकी गाडी स्वतःसाठी जोडायची, एवढीच त्यांची हौस. पुण्याहून तिचे सुटे भाग पेट्यांत भरून आले: कापलेले चौकोनी पाइप, पट्ट्या, फायबरचं पातळ अंग आणि नकाशांची एक गुंडाळी. इंजिन त्यांनी एका जुन्या छोट्या कारचं मिळवलं. दोनच माणसं बसतील अशी, बिनछताची, बिनदाराची ती गाडी इतकी हलकी होती, की पुढची बाजू दोघं मिळून हातांनी उचलायचे. रस्त्यावर चालवायचा परवाना तिला नव्हता. ती फक्त स्पर्धेसाठी होती आणि स्पर्धा तोंडावर आली होती. साताऱ्याजवळच्या एका घाटात, रस्ता बंद ठेवून, एकेक गाडी वर सोडणार होते. घाटाच्या पायथ्याला सुभेदारांचं गाव. गावातली माणसं कठड्यावर बसून बघणार होती. आणि त्या घाटात, चढताना, दरी उजवीकडं होती.

भाग्यश्रीला त्या क्षणी तेच आठवलं.

ती जयपाल मगदूमांची मुलगी. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत जयपालआण्णांची वेल्डिंगची शेड. ऊस कारखान्याला नेणाऱ्या ट्रॉल्यांच्या दांड्या जोडून द्यायचं त्यांचं मुख्य काम. दांडी म्हणजे ट्रॉलीला पुढं ओढणारा तो लोखंडी त्रिकोण. सगळा भार तिच्यावर. हंगामाच्या आधी जतपासून पलूसपर्यंतचे शेतकरी आण्णांकडं यायचे. “मगदुमाचा जोड हाय,” एवढं म्हटलं की पुढं कुणी विचारायचं नाही. भाग्यश्री त्या शेडमध्येच वाढली. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि आण्णांच्या शेजारी जुनं शील्ड तोंडापुढं धरून बसायची. त्या काळ्या काचेतून वितळलेलं लोखंड लाल गोगलगाईसारखं पुढं सरकताना दिसायचं. पुढं तिनं डिप्लोमा केला, कुपवाडमधल्याच एका फौंड्रीत तपासणी खात्यात लागली. लग्न होऊन मिरजेला गेली, तरी सुट्टीला तिचा पाय शेडकडंच वळायचा. नवरा पारस चेष्टेत म्हणायचा, “आमच्या घरातली सासुरवाशीण सुट्टीला माहेरी नाही, लोखंडाकडं जाती.”

सुभेदारांनी पाइपांच्या पेट्या शेडमध्ये उतरवल्या तेव्हा आण्णा खूप हसले होते. “ही गाडी व्हय? हा तर मच्छरदाणीचा सांगाडा!” पण नकाशे समोर पसरल्यावर ते गप्प झाले. असं नाजूक काम त्यांनी पूर्वी केलं नव्हतं. पातळ पाइप, तिरके कोन, बोटाएवढे जोड. पावसाळाभर ते त्यावर बसून होते. कुणाला हात लावू दिला नाही.

त्या रविवारी संध्याकाळी गाडी शेडमध्ये परत आली. भाग्यश्रीनं आणि सुभेदारांनी तिला लाकडी ठोकळ्यांवर चढवली.

“एकेक करून बघू,” ती म्हणाली. “दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशानं फरक पडला ते कळत नाही.”

आधी टायरमधली हवा. दोन्ही बाजूंना सारखी. मग उजवा ब्रेक अडकतोय का, म्हणून चाक हातानं फिरवून बघितलं, सुटून फिरलं. बेअरिंग ढिलं नव्हतं. स्टिअरिंगचे बोल्ट घट्ट होते. शेवटी गाडीच्या दोन्ही बाजूंना सुतळी ताणून चाकांची दिशा मोजली, तेव्हा उजवं पुढचं चाक किंचित बाहेर तोंड करून उभं होतं.

“हे आपण मागच्या आठवड्यात सरळ केलं होतं,” ती म्हणाली.

“नट ढिला झाला असंल.”

“नट घट्ट आहे. खूण केलेली तशीच आहे बघा.”

चाक पुन्हा सरळ केलं. सुभेदारांना चैन पडेना. दोन दिवसांनी भाग्यश्रीनं अर्धी रजा टाकली आणि दोघं पुन्हा सूतगिरणीवर गेले. पहिले चार-पाच ब्रेक सरळ लागले. सुभेदारांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं, तेवढ्यात पायाखाली टक् झालं आणि गाडी पुन्हा उजवीकडं ओढली गेली. शेडमध्ये येऊन सुतळी लावली. चाक पुन्हा बाहेर तोंड करून उभं.

बोल्ट हलला नव्हता, नट हलला नव्हता आणि चाक हललं होतं. म्हणजे बोल्ट ज्यात बसलाय तेच हलत होतं. चाकाला गाडीशी धरून ठेवणारा खालचा आर्म पाइपांच्या सांगाड्याला दोन छोट्या पट्ट्यांवर टेकलेला होता. त्या पट्ट्या आण्णांनी जोडल्या होत्या.

भाग्यश्रीनं बॅटरी घेऊन खाली वाकून बघितलं. काळ्या रंगाच्या जाड थरावर काही दिसत नव्हतं. तिनं कानस उचलली.

“काय करतीस?” मागून आण्णांचा आवाज आला.

“आण्णा, इथला रंग जरा खरवडून बघते.”

“कशाला?”

“बाकी सगळं बघून झालं.”

“मग परत बघा. बोल्ट बदला, पाना मारा, काय बी करा.” आण्णांचा आवाज चढला. “माज्या जोडाला हात लावायचं कारण न्हाई. चाळीस वर्सं झाली, माजा जोड सुटल्याला कुणी बघितला न्हाई.”

सुभेदार मध्ये पडले. “आवं आण्णा, ती तसं म्हणंना...”

“तुमी गप बसा सुभेदार. ब्रेक मारायचा ढंग न्हाई आन दोष लोखंडाचा.”

ते पाठ फिरवून निघून गेले. जाताना दारातल्या रिकाम्या गॅसच्या टाकीवर त्यांचा गुडघा आपटला. टाकी महिनोन्‌महिने तिथंच होती.

तिनं कानस खाली ठेवली. आण्णांचं शील्ड खिळ्याला लटकत होतं. तिनं ते काढलं आणि काच उजेडासमोर धरली. लहानपणी त्यातून सूर्य सुद्धा मंद दिसायचा. आता या काचेतून तिला समोरच्या शेडचा पत्रा, त्यावरची अक्षरं, सगळं जवळजवळ स्पष्ट दिसत होतं. आण्णा फिकी काच वापरत होते. इतक्या फिक्या काचेतून वेल्डिंग बघितलं तर चांगल्या डोळ्याला पाणी येईल.

ती घरात गेली. आई, चंपाबाई, ज्वारी निवडत बसली होती.

“आई, आण्णांना नीट दिसतं ना गं?”

चंपाबाईंचा हात थांबला. “त्यास्नी इचारलं तर धूळ गेली म्हणत्यात. पर गेल्या आठवड्यात जावईबापू दारात हुबं हुतं, त्यास्नी वळखलं न्हाई. ‘कोण पायजे?’ म्हणालं. आवाज ऐकल्यावर मग हसून सावरून घेतलं.” जरा थांबून ती हळू म्हणाली, “तू त्यास्नी काय बोलू नगंस. काम गेलं तर माणूस जाईल.”

त्या दिवशी मिरजेला परत जाताना भाग्यश्री स्कूटरवर रडली नाही, पण सिग्नलला मागच्या माणसानं हॉर्न वाजवेपर्यंत ती उभीच राहिली. आण्णांना न विचारता जोड उघडायचा, की सुभेदारांना सांगायचं, स्पर्धेला जाऊ नका, कारण विचारू नका? दुसरं सोपं होतं. गाडी तशीच ताडपत्रीखाली राहिली असती आणि आण्णांचं नाव शाबूत राहिलं असतं. पण सुभेदार गप्प बसणाऱ्यातले नव्हते. ते ड्रायव्हिंगला दोष देऊन आणखी सराव करत राहिले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा बस्तीला, म्हणजे जिनमंदिरात, दर्शनाला गेले तेव्हा ती शेडमध्ये होती. सुभेदारांना तिनं बोलावून घेतलं होतं. फौंड्रीतून साहेबांना सांगून तिनं दोन फवाऱ्यांचे डबे आणले होते. ओतकामात भेग शोधायला ते वापरतात. आधी लाल रंग फवारायचा, मुरू द्यायचा, मग फडक्यानं स्वच्छ पुसायचा आणि वर पांढरी पूड मारायची. भेग असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर बाहेर येतो.

तिनं पट्टीवरचा काळा रंग खरवडला. लाल फवारला. दोघं बसून राहिले. बाहेर कामगारांच्या मोटारसायकली एकामागून एक जात होत्या. तिनं रंग पुसला आणि पांढरी पूड मारली.

आधी काहीच आलं नाही. सुभेदारांनी श्वास सोडला. मग पांढऱ्यावर एक टिंब उमटलं. शेजारी दुसरं. टिंबं वाढत गेली, एकमेकांना मिळाली आणि पट्टीच्या मुळाशी, जोडाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, लाल रेघ उभी राहिली.

“आई शपथ,” सुभेदार पुटपुटले.

भाग्यश्रीनं ग्राइंडर घेऊन जोड वरून थोडा घासला. आत जे दिसलं ते रेघेपेक्षा वाईट होतं. वेल्डिंगची वळ, म्हणजे वितळून गोठलेल्या लोखंडाची उंच रेघ, सुंदर, एकसारखी होती. पण ती सगळी पाइपावरच बसली होती. पट्टीला नुसती चिकटली होती, मुळात शिरलीच नव्हती. वेल्डिंग करणाऱ्याचा हात पक्का होता. सांध्याची रेघ मात्र त्याला दिसली नव्हती.

दारात सावली पडली. आण्णा उभे होते, कपाळाला गंध.

ते पुढं आले, खाली बसले आणि जोडाकडं तोंड नेलं. मग डोळे मिटून त्यांनी अंगठ्याचं नख त्या फटीवरून फिरवलं. नख अडकलं. ते पुन्हा फिरवलं. पुन्हा अडकलं.

“तू बसलीवतीस ह्यात,” ते म्हणाले.

“आण्णा...”

“कवठ्याला. ह्याच्या शेजारी. तू बसलीवतीस.”

“काही झालं नाही आण्णा. आम्ही दोघं नीट आहोत.”

ते तसेच बसून राहिले. भाग्यश्रीला वाटलं होतं ते ओरडतील, ग्राइंडर हिसकावून घेतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“कधीपासनं दिसत नाही?” तिनं विचारलं.

“दिसतंय की.” मग बऱ्याच वेळानं, “उन्हाळ्यापासनं धुकं पडल्यागत हाय. मला वाटलं काच बदलली की भागंल.”

उन्हाळ्यापासून. भाग्यश्रीनं मनात महिने मोजले. गाडीचे जोड पावसाळ्यातले. त्यानंतर उसाचा हंगाम सुरू झाला होता.

“आण्णा, दांड्या.”

आण्णांनी मान वर केली. त्यांना आधीच कळलं होतं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

“आता भरल्या ट्रॉल्या वाटंवर असतील,” ते म्हणाले. “फोन लाव.”

त्यांनी नावं तोंडपाठ सांगितली. नव्या दांड्या यंदा थोड्याच झाल्या होत्या, बाकीची किरकोळ कामं. भाग्यश्री एकेकाला फोन लावत गेली आणि फोन आण्णांच्या हातात देत गेली. आण्णा सगळ्यांना एकच सांगत होते, आवाज न हलवता: “मगदूम बोलतोय. माजं काम चुकलंय. ट्रॉली भरू नगा. भरली असंल तर हाय तिथं हुबी करा.” एकानं विचारलं, “आण्णा, चेष्टा करताय व्हय?” एकजण नुसता “बरं” म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. सगळे लागले. फक्त नाथाजी शिंदे फोन उचलत नव्हते.

नाथाजींच्या घरी त्यांच्या सुनेनं फोन घेतला. “मामा सकाळीच दोन ट्रॉल्या भरून कारखान्याला निघाल्यात. ट्रॅक्टरवर टेप लावलेला असतोय, त्यास्नी ऐकू यायचं न्हाई.”

“वाटेत उतार लागतो,” भाग्यश्री म्हणाली. “आणि उताराखालच्या गावात आज बाजार.”

सुभेदारांनी पिकअपची किल्ली आधीच काढली होती. आण्णाही चढून बसले. तिनं नको म्हटलं नाही.

मिरज मागं पडलं तसा रस्ता मोकळा झाला. सुभेदार वेगात पण नेटकी गाडी हाकत होते. समोरून उसाची ट्रॉली आली की तिघंही पुढं वाकायचे. “नाथाजी नाहीत,” भाग्यश्री म्हणायची. आण्णांना फक्त हिरवा ढीग जवळ येऊन जाताना दिसत होता. ते विचारायचे, “कोण?”

बाजाराचं गाव आलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना भाजीचे ढीग, मध्ये बायका, सायकली, एक बकऱ्यांचा कळप. सुभेदारांना हॉर्न वाजवत वाट काढावी लागली. गाव ओलांडून चढाला लागल्यावर भाग्यश्रीनं मागं वळून बघितलं. उतार सरळ त्या गर्दीत उतरत होता. मध्ये वळण नाही, कठडा नाही.

चढ संपून माथ्यावर आले आणि समोर सपाट रस्त्यावर तो दिसला. लाल ट्रॅक्टर, त्यामागं उसानं डोक्यापर्यंत भरलेल्या दोन ट्रॉल्या. गाण्याचा दणका इथपर्यंत येत होता.

“गाडी आडवी घाला काका!”

“न्हाई.” सुभेदारांनी पिकअप रस्त्याच्या कडेला घेतली. “आडवी घातली तर तो दचकून ब्रेक मारंल. मागचं सगळं वजन दांडीवर येईल. त्याला हळूच थांबवाय पायजे, उतार लागायच्या आत.”

आण्णा दार उघडून खाली उतरले आणि थेट रस्त्याच्या मध्ये जाऊन उभे राहिले.

“आण्णा, बाजूला व्हा! तुम्हाला अंतर कळणार नाही!”

“मला कळाय नगं. त्येला मी दिसाय पायजे,” ते म्हणाले. “मला वळखतो तो.”

ते आवाजाच्या दिशेनं चालायला लागले. दोन्ही हात पुढं करून, तळवे खाली, हळू, हळू अशी खूण करत. भाग्यश्री त्यांच्या मागं धावली आणि त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून चालली, म्हणजे वेळ आली तर ओढता येईल. ट्रॅक्टर मोठा होत गेला. नाथाजींनी आधी हॉर्न मारला. मग शिवी हासडली असावी. तोंड हलताना दिसलं. मग त्यांनी डोळे बारीक केले, गाणं बंद केलं आणि गिअर उतरवला. ट्रॅक्टर धापा टाकत, एकेक हिसका कमी करत, दहा-बारा पावलांवर येऊन थांबला.

“आवं मगदूम! मरायचं हाय काय?”

“पाय काडू नगंस ब्रेकवरनं,” आण्णा म्हणाले.

सुभेदारांनी आणि भाग्यश्रीनं कडेचे दगड उचलून दोन्ही ट्रॉल्यांच्या चाकांना लावले. मागच्या ट्रॉलीचं शेवटचं चाक अडकवून सुभेदार उभे राहिले आणि त्यांनी हात वर केला. “आता सोड.”

नाथाजींनी ब्रेक सोडला. भार किंचित हलला, दगडावर बसला. दोन ट्रॉल्यांच्या मधून करकर असा आवाज आला आणि दांडीची एक बाजू जोडातून सुटून रस्त्यावर आदळली.

ट्रॉली दगडांवर उभी होती. सुटलेल्या जोडाचं तोंड अर्धं गंजलेलं, अर्धं चकचकीत होतं. गंजलेला भाग बरेच दिवस उघडा होता.

नाथाजी ट्रॅक्टरवरून उतरले. त्यांनी दांडी बघितली, उताराकडं बघितलं, खाली बाजाराकडं बघितलं. मग ते आण्णांवर धावून गेले. “काल माजी नात बसलीवती ह्या ट्रॉलीवर! तुमच्या भरवशावर, आण्णा! तुमचं नाव सांगून आणलीवती मी ही दांडी!”

सुभेदार मध्ये यायला लागले. आण्णांनी त्यांना हातानं थांबवलं.

“बोलू द्या त्याला. खरं हाय ते.”

नाथाजी पुष्कळ बोलले. आण्णांनी सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. बोलून बोलून दमल्यावर नाथाजी रस्त्याच्या कडेला बसले. भाग्यश्रीनं पाण्याची बाटली पुढं केली. त्यांनी ती घेतली नाही. थोड्या वेळानं घेतली.

पुढच्या आठवड्यात सगळ्या दांड्या शेडमध्ये परत आल्या. भाग्यश्रीनं एकेक तपासली. काही चांगल्या निघाल्या, काही नाही. कुठली चांगली, कुठली वाईट, हे वरून सांगताच आलं नसतं. समोरच्या गल्लीत अतिशय नावाच्या तरुण वेल्डरची शेड होती. आण्णांचं आणि त्याचं गिऱ्हाइकावरून कधी जमलं नव्हतं. आण्णा स्वतः त्याच्या दारात गेले आणि म्हणाले, “माजं काम परत करून दे. माज्यासमोर कर, मला फक्त आवाज ऐकू दे.” अतिशयनं आधी त्यांच्या तोंडाकडं बघितलं, मग काही न विचारता शील्ड उचललं. नाथाजी मात्र परत आले नाहीत. त्यांच्याबरोबर आणखी काहीजण गेले. “मगदुमाचा जोड” ही म्हण वसाहतीत कुणी मोठ्यानं म्हणेनासं झालं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन मिरजेत झालं, आधी एका डोळ्याचं, मग दुसऱ्याचं. पट्टी काढल्यावर आण्णांनी पहिल्यांदा चंपाबाईंकडं बघितलं आणि म्हणाले, “तू कवा म्हातारी झालीस गं?” चंपाबाई म्हणाल्या, “तुमी बघत नव्हता तवा.”

सुभेदारांनी त्या वर्षी स्पर्धा सोडली. गावाला काय सांगायचं, हा त्यांना प्रश्न होता. त्यांनी खरं तेच सांगितलं. गाडीचं अंग उतरवलं, इंजिन काढलं, सांगाडा उघडा केला. प्रत्येक जोडावर लाल आणि पांढरा रंग चढला. जे वाईट होते ते आण्णांनी स्वतः ग्राइंडरनं कापून काढले. तेव्हा त्यांना आपली वळ पहिल्यांदा स्पष्ट दिसली. एकेक तुकडा हातात घेऊन ते बघत राहायचे आणि भंगाराच्या डब्यात टाकायचे. नवे जोड त्यांनीच घातले, काळ्या काचेतून, आणि रंग देण्याआधी भाग्यश्रीला बोलवायचं हा नियमही त्यांनीच केला. ती तपासत असताना मात्र ते शेडमध्ये थांबायचे नाहीत. बाहेर फेऱ्या मारायचे.

“काय निघालं?” शेवटी दारातून विचारायचे.

“स्वच्छ.”

“बघितलंस ना नीट?”

दांड्या मात्र त्यांनी पुन्हा केल्या नाहीत. फाटकं, खिडक्यांचे गज, शेळ्यांच्या गोठ्याचे कठडे. दांडी घेऊन कुणी आलं की अतिशयच्या शेडकडं बोट दाखवायचे.

पुढच्या वर्षी स्पर्धेच्या दिवशी भाग्यश्री आणि आण्णा घाटाच्या माथ्यावर उभे होते. खालून एकेक गाडी सुटत होती. सुभेदारांचा नंबर पुकारला तेव्हा आण्णांनी टोपी काढून हातात घेतली. आवाज चढत आला. पहिलं वळण, दुसरं. गावातली माणसं कठड्यावर ओरडत होती. मग आवाज एकाएकी पडला.

माथ्यावरच्या माणसाच्या वायरलेसवर खरखर झाली. “गाडी थांबलीय. तिसऱ्या वळणावर.”

आण्णांचा चेहरा पांढरा पडला. भाग्यश्रीनं त्यांचा दंड धरला. तिच्या डोळ्यांपुढून एकेक जोड जात होता. कुठला राहिला? उजव्या बाजूला दरी. वायरलेसवाला काही बोलेना.

तेवढ्यात इंजिन पुन्हा लागलं. अडखळत, कसंबसं, एका सुरात. गाडी वळणावरून दिसली, चालत्या माणसापेक्षा थोडी जोरात, पण सरळ, रेघेत. सुभेदार एका हातानं स्टिअरिंग धरून होते आणि दुसरा हात बोनेटच्या फटीतून आत घातला होता. गावानं असा गलका केला की जणू पहिलाच नंबर आला. खरं तर ते शेवटून दुसरे होते.

गाडी माथ्यावर थांबली. सुभेदार घामाघूम उतरले. “ॲक्सिलरेटरची केबल तुटली! हातानं वढत आणली!”

आण्णा खाली वाकले. केबलीचं तुटलेलं टोक त्यांनी चिमटीत धरलं, उन्हाला नेलं, उलटंपालटं करून बघितलं. मग भाग्यश्रीकडं वळून, कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, “हे माजं काम न्हाई बरं का.”